जादूच्या वर्गात इतिहासाचा तास कसा घ्यावा

उन्हाळी शिबिरात किंवा शनिवार-रविवारच्या जादूच्या वर्गात नव्या शिक्षकाच्या गळ्यात हमखास पडणारा विषय म्हणजे जादूचा इतिहास. नाणी आणि पत्ते जुनी मंडळी वाटून घेतात आणि इतिहासाबद्दल सांगतात, 'तुम्ही घ्या, नोट्स तयार आहेत.' या नोट्स म्हणजे बहुधा चार पानी सनावळी असते. इजिप्तपासून सुरुवात, मग युरोपातली दहा-बारा नावं, शेवटी पी. सी. सरकार. दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरून पत्ते पिसल्याचा आवाज यायला लागतो आणि विसाव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, 'सर, आज ट्रिक नाही का?'

यात मुलांची चूक नाही. ती हाताने काही करायला आलेली असतात आणि हा एकच तास हाताची घडी घालून ऐकायचा असतो. जादूचा इतिहास हा मुळात हातांचा आणि सामानाचा इतिहास आहे, तेव्हा तो हातातच द्यावा. नियम सोपा ठेवा: एका तासाला एक वस्तू, एक माणूस, एक साल. बाकी जे वाचून आला असाल ते डोक्यात राहू द्या आणि कुणी विचारलं तरच बाहेर काढा.

पुढचं सगळं १० ते १६ वयाची १५-२० मुलं आणि ४५ मिनिटांचा तास धरून लिहिलं आहे. मोठ्यांच्या वर्गालाही हेच चालतं, फक्त मोठी माणसं प्रश्न कमी आणि शंका जास्त काढतात.

वेळ कसा वाटायचा

पहिली ५ मिनिटं काहीही न सांगता त्या दिवसाचा प्रयोग करून दाखवा. 'आज आपण बघणार आहोत' हे वाक्यसुद्धा नको. पुढची १५ मिनिटं सामान वाटा आणि मुलांना करू द्या. मग १० मिनिटं गोष्ट सांगा: हे कुणी केलं, कुठे, कधी आणि त्यातून त्याला काय मिळालं. मग १० मिनिटं पुन्हा हात, या वेळी जोडीने. एकाने करायचं, दुसऱ्याने बघायचं. उरलेली ५ मिनिटं आवराआवरीला. ती धरली नाहीत तर पुढच्या तासाला मुलांच्या खिशात चेंडू असतात आणि पेले कमी पडतात.

गोष्ट मध्ये ठेवण्याला कारण आहे. सुरुवातीला सांगितली तर मुलं प्रयोगाची वाट बघत बसतात. शेवटी ठेवली तर ती कधीच पूर्ण होत नाही, कारण प्रयोग नेहमी वेळ खातात. एकदा हात अडखळला की मुलांना आपोआप प्रश्न पडतो, 'हे पहिल्यांदा कुणी केलं असेल?' आणि गोष्ट तेव्हाच ऐकली जाते.

पहिला तास: पेले आणि चेंडू

सुरुवात इथूनच करा. सामान स्वस्त आहे, आणि ज्याचा लेखी माग दोन हजार वर्षं मागे नेता येतो असे प्रयोग जादूत फार थोडे आहेत.

प्रत्येक जोडीला तीन कागदी पेले आणि चार चेंडू लागतात. पेले २०० मिलीच्या आसपासचे, अपारदर्शक आणि एकाच पाकिटातले घ्या. टपरीवरचे चहाचे छोटे पेले चालत नाहीत, एकात एक घातल्यावर त्यांच्यामधली फट चेंडूला पुरत नाही. चेंडू लोकरीचे किंवा स्पंजचे, दीड सेंटीमीटरच्या आसपास. माप असं ठरवा: दोन पेले एकात एक घाला आणि आत चेंडू ठेवून बघा. चेंडू असताना वरचा पेला नेहमीपेक्षा उंच दिसला, तर चेंडू मोठा आहे. स्टीलचे पेले दिसायला छान, पण त्यात कागदाचा किंवा फॉइलचा कडक चेंडू खडखडतो आणि गुपित कानानेच कळतं. स्टील वापरायचं असेल तर चेंडू लोकरीचाच हवा.

प्रेक्षकांना चेंडू तीनच दिसतात. चौथा सुरुवातीपासून मधल्या पेल्यात लपलेला असतो. सगळा खेळ त्या एका जादा चेंडूवर चालतो.

१. तिन्ही पेले एकात एक, तोंडं वर करून डाव्या हातात धरा. मधल्या पेल्यात चौथा चेंडू, त्यावर तिसरा पेला. तीन चेंडू टेबलावर सगळ्यांना दिसतील असे मांडा.

२. उजव्या हाताने सर्वांत खालचा पेला ओढून काढा, उलटा करून टेबलावर उजवीकडे ठेवा. मग दुसरा, म्हणजे चेंडूवाला, त्याच गतीने उलटा करून मधे ठेवा. मग तिसरा डावीकडे. चेंडू आता मधल्या पेल्याखाली आहे आणि ते कुणालाच माहीत नाही.

३. दिसणाऱ्यांपैकी एक चेंडू मधल्या पेल्याच्या बुडावर ठेवा. त्यावर उजवीकडचा पेला उलटाच चढवा, त्यावर डावीकडचा.

४. वरच्या पेल्यावर बोटाने टिचकी मारा आणि तिन्ही पेले एकदम उचला. खाली चेंडू. बघणाऱ्याला वाटतं तो पेल्यातून आरपार गेला.

५. उचललेली चळत तशीच सरळ करा, तोंडं वर. वर ठेवलेला चेंडू आता पुन्हा मधल्या पेल्यात आला आहे. म्हणजे क्रमांक १ ची स्थिती आपोआप तयार झाली. पुन्हा तसेच पेले मांडा, पण मधला पेला टेबलावरच्या चेंडूवर झाका. दुसऱ्या फेरीत दोन चेंडू निघतात, तिसऱ्या फेरीत तीन.

दहातली आठ मुलं दुसऱ्या पायरीला अडकतात. चेंडूवाला पेला ती जपून, हळू उलटा करतात आणि चेंडू टेबलावर टपकतो. पेला ज्या वेगात फिरतो त्या वेगात चेंडू बुडाशी चिकटून राहतो, वेग कमी झाला की सुटतो. शिवाय तीन पेल्यांपैकी एकच जपून ठेवला तर आंधळ्यालाही कळेल की तिथे काहीतरी आहे. म्हणून आधी चेंडूशिवाय तीन पेले एका लयीत मांडायला लावा, 'एक, दोन, तीन' असं मोठ्याने म्हणत. लय बसली की मगच चौथा चेंडू द्या. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पेला टेबलापासून वीतभर उंचीवरून आणणं. पेल्याची पुढची कड मुलाच्या स्वतःच्या बाजूला झुकलेली हवी, म्हणजे आतलं समोरच्याला दिसत नाही.

आता गोष्ट. तिचे तीन तुकडे पुरतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेनेका या तत्त्वज्ञाने मित्राला लिहिलेल्या पत्रांपैकी ४५ व्या पत्रात पेले आणि खडे वापरणाऱ्या हातचलाखांचा उल्लेख आहे. त्याचं म्हणणं असं की या फसवणुकीने कुणाचं नुकसान होत नाही, तीच तर मजा आहे, आणि ती कशी होते हे कळलं की गोडी जाते. हे वर्गाला सांगा आणि विचारा: तुम्हाला आत्ताच रहस्य कळलं, गोडी गेली का? बहुतेक वर्ग दोन गटांत फुटतो. पाच मिनिटं भांडू द्या.

दुसरा तुकडा चित्राचा. हिएरोनिमस बॉश किंवा त्याच्या चित्रशाळेने सुमारे १५०० साली काढलेलं एक चित्र पॅरिसजवळच्या सां-जेरमां-आं-ले इथल्या संग्रहालयाचं आहे. ते मोठं छापून भिंतीवर लावा. उजवीकडे टेबलामागे जादूगार, कमरेच्या टोपलीतून घुबड डोकावतंय, टेबलावर पेले. समोरचा माणूस जादूगाराच्या बोटांतला चेंडू बघायला इतका वाकलाय की त्याला कशाचंच भान नाही. चित्र दाखवल्यावर काही सांगू नका, फक्त म्हणा, 'यात चोरी चालली आहे, शोधा.' वाकलेल्या माणसाच्या मागे एक जण आभाळाकडे बघत साळसूदपणे उभा आहे आणि त्याचा हात पुढच्याच्या थैलीवर आहे. मुलांना हे सापडायला वेळ लागतो, कारण तीही आधी चेंडूकडेच बघतात. लक्ष वळवणं म्हणजे काय, हे याहून सोपं करून सांगता येत नाही.

तिसरा तुकडा या तासाचा माणूस आणि साल: रेजिनाल्ड स्कॉट, १५८४. इंग्लंडच्या केंट परगण्यातला हा जमीनदार. आजूबाजूला म्हाताऱ्या, गरीब बायकांना चेटकीण ठरवून फासावर चढवत होते. त्याविरुद्ध त्याने जाडजूड पुस्तक छापलं आणि त्यात चेंडू, नाणी, पत्ते यांच्या हातचलाख्या कशा होतात ते उघड करून लिहिलं. ज्याला तुम्ही सैतानाचं काम म्हणता ते बोटांचं काम आहे, एवढं त्याला दाखवायचं होतं. हातचलाखी शिकवणाऱ्या इंग्रजी छापील मजकुराची सुरुवात इथून धरतात. महाराष्ट्रातल्या मुलांना हा धागा लगेच कळतो, कारण १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव बुवाबाजीचे चमत्कार करून दाखवतात आणि मागची युक्ती सांगतात. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, हेही इथेच सांगून टाका, कारण घरी गेल्यावर आजी विचारणारच की जादू शिकणं कायद्यात बसतं का. करमणूक म्हणून केलेला आणि करमणूक म्हणूनच सांगितलेला प्रयोग हा त्या कायद्याचा विषय नाही.

कुणीतरी इजिप्तचं विचारेल. बेनी हसन इथल्या थडग्यातलं एक भित्तिचित्र पेले-चेंडूंचा सर्वांत जुना पुरावा म्हणून अनेक ठिकाणी छापलेलं असतं. त्यात दोन माणसं उकिडवी बसली आहेत आणि समोर उलटी भांडी आहेत, एवढंच. ती जादू आहे, पोरखेळ आहे की आणखी काही, हे त्यावरून ठरत नाही. 'जादू चार हजार वर्षं जुनी' असं फळ्यावर लिहू नका.

दुसरा तास: न उचलली जाणारी पेटी

माणूस झां-यूजेन रोबेर-हूदँ, साल १८५६. फ्रान्समधल्या ब्लुआ गावचा, जन्म १८०५, पेशाने घड्याळजी. १८४५ मध्ये पॅरिसच्या पॅले-रॉयाल भागात त्याने स्वतःचं छोटं नाट्यगृह उघडलं आणि लांब झगा सोडून त्या काळच्या सभ्य माणसाच्या पोशाखात रंगमंचावर आला. जादूगार कोट घालतो ही कल्पना बरीचशी त्याच्यामुळे रुजली.

त्याच्या पेटीची नक्कल वर्गात करता येते. लागतं ते असं: १० सेंमीचा एक लोखंडी खिळा, २८ गेजची इनॅमल लावलेली तांब्याची तार ४ मीटर (मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळते), टॉर्चचा मोठा दीड व्होल्टचा सेल, घंटीचं बटण, रिकामी काडेपेटी, २-३ मिमी जाडीचा, कडा घासलेला लोखंडी पट्टीचा तुकडा आणि बुटांचं रिकामं खोकं.

खिळ्यावर तार एकाच दिशेने, एकाला एक लागून, सुमारे २०० वेढे गुंडाळा. दोन्ही टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरने घासून लख्ख तांबं दिसू द्या. खोक्याच्या वरच्या बाजूला भोक पाडून खिळ्याचं डोकं पृष्ठभागाच्या बरोबरीला आणा आणि खिळा आतून लाकडाच्या ठोकळ्याला घट्ट बांधा. काडेपेटीच्या बुडाला लोखंडी तुकडा चिकटवा, वर पातळ काळा कागद. सेल, बटण आणि तार एका वळशात जोडा. बटण खोक्यामागे तुमच्या हाताशी. बटण सोडलेलं असताना कुणीही काडेपेटी दोन बोटांनी उचलतो. बटण दाबलं की ती जागेला चिकटते.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा तारेच्या टोकांना. इनॅमल पारदर्शक असल्याने मुलांना टोकं साफ वाटतात आणि वीज वाहतच नाही. स्टेनलेस स्टीलचा तुकडा घेतला तर चुंबक त्याला बहुधा धरत नाही. आधी फ्रिजवरच्या चुंबकाने तपासा. खिळा ठोकळ्याला ढिला असेल तर काडेपेटीबरोबर खिळाच वर येतो, आणि वर्ग जो हसतो तो थांबत नाही. मुलांना पेटी सरळ वर उचलायला सांगा. बाजूला सरकवली की पकड लगेच सुटते. बटण सोडल्यावरही ती क्षणभर चिकटलेली वाटते, कारण खिळ्यात थोडं चुंबकत्व उरतं. अशा वेळी काडेपेटी हळूच टिचकीने हलवा.

बटण एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. तार आणि सेल दोन्ही तापतात. भिंतीतल्या प्लगची वीज, मोबाइलचा चार्जर किंवा लिथियमचा सेल या प्रयोगाला कधीही लावायचा नाही. हे सांगून सोडू नका, सामान वाटण्याआधी फळ्यावर लिहा.

गोष्ट अशी. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवलं. तिथल्या टोळ्यांवर मराबू नावाच्या धर्मपुरुषांचा पगडा होता आणि फ्रेंचांची जादू जास्त जोरदार, असं लोकांच्या मनावर ठसवायचं होतं. रंगमंचावर त्याने एका धट्ट्याकट्ट्या माणसाला बोलावलं, पेटी उचलायला दिली, ती सहज उचलली गेली. मग 'आता तुझी ताकद मी काढून घेतो' म्हणाला आणि पेटी हलेना, कारण खाली विद्युतचुंबक चालू केलेला होता. वर विजेचा झटकाही दिला.

हे सांगून झाल्यावर तीन प्रश्न टाका. हा प्रयोग राज्यकर्त्यांच्या बाजूने केला होता, मग तो करमणूक की धाक? स्कॉटने रहस्य उघड केलं, याने लपवलं, दोघांचं काय साधलं? आणि ही हकिकत आपल्याला कळते कुठून? मुख्यतः रोबेर-हूदँने १८५८ साली छापलेल्या स्वतःच्याच आठवणींतून. जादूगाराने स्वतःबद्दल लिहिलेलं किती खरं मानायचं, यावर मोठी मुलं चांगली रंगतात. त्याच्याच नावावरून आपलं नाव घेणाऱ्या जादूगार हुदिनीने १९०८ साली त्याच्यावर टीकेचं अख्खं पुस्तक लिहिलं, हे तेव्हा सांगा.

तिसरा तास: आंब्याचं झाड आणि वाटाण्याचं रोप

या तासाचं सामान पंधरा दिवस आधी सुरू करावं लागतं, म्हणून पहिल्याच तासाला कामाला लावा. चार-चार मुलांचा गट, एक कुंडी, तीत भिजवलेले मूग. वाटाणेही चालतील, पण मूग लवकर वर येतात. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून मोबाइलने एक फोटो. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवायचा आणि चळतीभोवती जमिनीवर खडूने खूण करायची. पंधरा फोटो झाले की कुठल्याही व्हिडिओ ॲपमध्ये सेकंदाला पाच या वेगाने जोडा. तीन सेकंदांत रोप उभं राहतं. कुंडी खिडकीत ठेवली तर रोप उजेडाकडे वाकत जातं आणि फोटोतला उजेडही रोज बदलतो. त्यापेक्षा व्हरांड्यातली, थेट ऊन न लागणारी जागा बरी. कुणीतरी मधेच कुंडी फिरवून ठेवणारच, सहसा घरातलं मोठं माणूस. कुंडीच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावा.

तासाला आधी फक्त ते तीन सेकंद दाखवा. मग सांगा की भारतातले रस्त्यावरचे जादूगार हेच, कॅमेरा नसताना, आंब्याच्या कोयीवर करायचे. माती, पाणी, वर फडकं, पुंगी-डमरूचा गजर, फडकं उचललं की अंकुर, पुन्हा उचललं की हातभर रोप. युरोपातून आलेल्या प्रवाशांनी शतकानुशतकं याची वर्णनं लिहून ठेवली आहेत.

आता माणूस: त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, साल १९१२. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करायचे आणि आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' असं नाव लावायचे, हे ऐकलं की मुलं आपापली आडनावं उलटी करायला लागतात. करू द्या, दोन मिनिटं जातात. आपला पहिला चित्रपट १९१३ साली पडद्यावर आणण्याआधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि ती मिनिटभरात वाढताना दाखवली. पैसे घालणाऱ्या माणसाला पटवायला त्यांच्याकडे हा पुरावा होता. त्यांच्याही आधी पॅरिसमध्ये जादूगार झॉर्ज मेलिएसने १८८८ साली रोबेर-हूदँच्या नावाचं नाट्यगृह विकत घेतलं होतं आणि १८९६ मध्ये बाई अदृश्य करण्याचा प्रयोग कॅमेऱ्याने केला. जादूगारांच्या हातात कॅमेरा पडला तेव्हा त्यांनी तो पेटीसारखाच वापरला, हे तीन तासांच्या धाग्यातून मुलांच्या आपण न सांगता लक्षात येतं.

रस्त्यावरच्या त्या जादूगारांचं पुढे काय झालं, हेही टाळू नका. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं यांबरोबर खेळ करून पैसे घेणंही बसवलं गेलं. रंगमंचावरचा जादूगार कलावंत आणि चौकातला भिकारी, अशी ही वाटणी आहे. पेले-चेंडू ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले त्यांत चौकातले बरेच होते.

चौथा तास: दोरी, जी बहुधा कधीच उभी राहिली नाही

हा तास सामानाचा नाही, साक्षीचा आहे. वर्गात असा एकच तास असतो की ज्यात मुलं लिहायला तक्रार करत नाहीत.

आठवडाभर आधी, तिसऱ्या तासाच्या शेवटी, दोन मिनिटांचा एक साधा प्रयोग करा. नाणं रुमालात गुंडाळून नाहीसं करणं पुरे. तो मोबाइलवर चित्रित करून ठेवा, पण मुलांना तसं सांगू नका. निम्म्या वर्गाला लगेच पाच ओळींत वर्णन लिहायला लावा. उरलेल्या निम्म्या वर्गाला आठवड्यानंतर, चौथ्या तासाच्या सुरुवातीला. मग दोन्ही मोठ्याने वाचा आणि चित्रण लावा. उशिरा लिहिलेल्यांत सहसा रुमाल रिकामा असल्याचं 'आधी दाखवलेलं' असतं, जे तुम्ही केलेलंच नसतं. नाणं कुणीतरी तपासून दिलेलं असतं. कुणी हसू नये म्हणून नावं न वाचता वाचा.

आता दोरीचा प्रयोग सांगा. दोर हवेत फेकला, तो ताठ उभा राहिला, पोरगा चढला आणि वर नाहीसा झाला. ८ ऑगस्ट १८९० रोजी शिकागो ट्रिब्यूनने छापलं की दोन अमेरिकन तरुणांनी भारतात हे पाहिलं. एकाने चित्रं काढली, दुसऱ्याने फोटो घेतले. चित्रांत दोर आणि मुलगा होता, फोटोंत नुसता बसलेला फकीर, म्हणजे फकिराने सगळ्यांना संमोहित केलं! चारेक महिन्यांनी त्याच वृत्तपत्राने कबूल केलं की ही बनवलेली गोष्ट होती. तोवर ती जगभर गेली होती, आणि मग 'मीही पाहिलं' म्हणणारे साक्षीदार पुढे येऊ लागले. रिचर्ड वाइजमन आणि पीटर लॅमाँट या संशोधकांनी अशा साक्षी तपासल्या. बघणं आणि सांगणं यांत जितकी जास्त वर्षं गेली, तितका प्रयोग अधिक थरारक झालेला त्यांना आढळला. १९९६ साली ते नेचर या नियतकालिकात आलं. तुमच्या वर्गाने तेच आठवडाभरात करून दाखवलेलं असतं.

हुशार मुलगा म्हणेल, प्रवासी इब्न बतूताने तर चौदाव्या शतकातच असं लिहिलंय. बरोबर आहे, पण त्याने ते चीनमध्ये पाहिल्याचं सांगितलं आहे, भारतात नव्हे. यावरून काय सिद्ध होतं ते मुलांना ठरवू द्या.

पाचवा तास: जादूगार पी. सी. सरकार

प्रतुलचंद्र सरकार, जन्म १९१३, टांगाईल, आता बांगलादेशात. साल १९५६. करवतीने बाई कापण्याचा प्रयोग जादूगार पी. टी. सेल्बिटने १९२१ साली लंडनमध्ये प्रेक्षकांपुढे आणला. पस्तीस वर्षांनी, ९ एप्रिल १९५६ रोजी, सरकारांनी तो बीबीसीच्या थेट कार्यक्रमात फिरत्या करवतीने केला. बाई जागी होतेय का ते कळायच्या आतच निवेदक रिचर्ड डिंबलबी पुढे आले आणि कार्यक्रमाची वेळ संपली. लोकांनी मुलगी मेली असं समजून बीबीसीचे फोन जाम केले. सरकारांचे लंडनमधले प्रयोग लगोलग सुरू होणार होते, तेव्हा याहून मोठी जाहिरात मिळाली नसती.

इथे करवत दाखवू नका, खोटीही नको. मुलांकडून फक्त शेवट करून घ्या. प्रत्येकाने पहिल्या तासाचे पेले घ्यायचे आणि तिसरी फेरी नेमकी तुमच्या घड्याळाच्या ६० व्या सेकंदाला संपवायची. बहुतेक जण चाळिसाव्या सेकंदालाच संपवून बसतात, कारण घाबरलेला हात पळतो. दोनदा केल्यावर वेळ हेही सामान आहे, हे हाताला समजतं. पुण्याचे जादूगार रघुवीर यांचा प्रयोग ज्यांनी पाहिला असे आजी-आजोबा मुलांच्या घरी असू शकतात. त्यांना काय आठवतं ते विचारून या, असा गृहपाठ द्या आणि उत्तरं चौथ्या तासाच्या नजरेने वाचा.

काय शिकवायचं नाही

बंदुकीची गोळी दातांत पकडण्याचा प्रयोग इतिहास म्हणून सांगा, कृती म्हणून कधीच नाही. चुंग लिंग सू या नावाने चिनी वेशात फिरणारा विल्यम रॉबिन्सन हा मूळचा अमेरिकन. २३ मार्च १९१८ रोजी लंडनच्या वुड ग्रीन एम्पायरमध्ये बंदूक खरोखर उडाली आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. रंगमंचावर वर्षानुवर्षं इंग्रजी न बोललेला माणूस त्या क्षणी इंग्रजीत ओरडला. गोष्ट सांगितल्यावर वर्ग शांत होतो, तेवढ्यावर थांबा आणि 'मग गोळी कशी पकडायची' याचं उत्तर देऊ नका. आग, ब्लेड, तलवार, गळफास, बंद पेटीत कोंडून घेणं यांनाही हाच नियम.

गुपितांच्या बाबतीत दोन टोकं टाळा. सगळंच लपवलं तर इतिहास शिकवता येत नाही. सगळंच उघडलं तर आज त्यावर पोट भरणाऱ्याचं नुकसान होतं. शंभर वर्षांपूर्वी छापून गेलेलं सांगायला हरकत नाही, हयात जादूगाराचा प्रयोग मात्र नाही. १९०५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेचं ब्रीदही साधारण हेच सांगतं की सभासदाने गुपित फोडू नये.

परीक्षा

'रोबेर-हूदँचा जन्म कधी झाला?' असा प्रश्न काढलात तर पाच तासांची मेहनत पाण्यात. प्रत्येक मुलाला पाच चिठ्ठ्या द्या: पेले, खिळा, कुंडी, रुमाल, घड्याळ. त्या सालानुसार लावायच्या आणि प्रत्येकीमागे एक नाव आणि एक वाक्य लिहायचं. वीसपैकी १० गुण क्रमाला आणि नावांना, ५ गुण एका प्रयोगाच्या सादरीकरणाला, ५ गुण या एकाच प्रश्नाला: 'यातली कोणती गोष्ट आपण फक्त सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून खरी मानतो?' रुमालाच्या चिठ्ठीला साल १८९०. काही मुलं तिथे तुमच्या प्रयोगाची तारीख घालतात. त्यांना अर्धा गुण द्या, कारण त्या तारखेचं चित्रण तरी आहे.